फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर आणला, आणि ‘जळगाव’मधला ‘ळ’ परका झाला

पारोळ्याच्या एका कृषी सेवा केंद्राची साइट मी सांभाळतो. बियाण्यांची यादी, खतांचे दर, वर मोठ्या अक्षरात गावांची नावं, एवढाच मामला. एका सकाळी मालकाचा फोन आला. “भाऊ, जळगावमधला ळ असा का दिखी ऱ्हायना? बाकीना अक्षरं बराबर शेतस, तोच एक जाडा.”

मी लॅपटॉपवर साइट उघडली. ळ अगदी जागच्या जागी, शिरोरेषेला चिकटून. “माझ्याकडे तर बरोबर दिसतंय दादा,” असं म्हणून बसलो. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात कुचकामी वाक्य आहे, हे माहीत असूनही तोंडातून आधी तेच निघतं.

वर्षभरात अशी ही तिसरी तक्रार. पहिली धुळ्याच्या एका शाळेच्या साइटवर, दुसरी चाळीसगावच्या एका पतसंस्थेच्या. तिन्ही वेळा मी आदल्या आठवड्यात एकच काम केलं होतं: गुगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणणारी गुगल फॉन्ट्सची लिंक काढून मुक्ता हा फॉन्ट साइटच्याच सर्व्हरवर ठेवला होता. तिन्ही वेळा तक्रार जवळजवळ सारखी आणि कारण मात्र वेगळं. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय. तुमच्याकडेही फॉन्ट घरी आणल्यावर मराठी अक्षरं बिघडली असतील, तर मी ज्या क्रमाने शोधतो त्याच क्रमाने शोधा. अर्धा दिवस वाचेल.

आधी पाहा, अक्षर कोणी काढलं

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, ‘मुक्ता’ लिहिलंय म्हणजे पानावर मुक्ता दिसतोय, असं नसतं. ब्राउझर प्रत्येक अक्षरासाठी फॉन्टची यादी वरून खाली चाळतो. पहिल्यात ते अक्षर नसलं तर पुढच्यात बघतो, तिथेही नसलं तर यंत्रातलाच एखादा देवनागरी फॉन्ट काढून वेळ मारून नेतो. विंडोजवर तो बहुधा निर्मला यूआय असतो, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, मॅकवर कोहिनूर देवनागरी. कोणाच्याच यंत्रात देवनागरी नाही असं आता सहसा होत नाही. त्यामुळे रिकामा चौकोन दिसत नाही, आणि चूक झालीय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. एक अक्षर शेजारच्या घरातून आलेलं असतं, इतकंच.

क्रोममध्ये त्या मथळ्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, ‘कॉम्प्युटेड’ टॅबवर जा आणि अगदी तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ बघा. फायरफॉक्सवाल्यांना इन्स्पेक्टरमध्ये ‘फॉन्ट्स’ असा वेगळा टॅबच आहे, आणि माझ्या मते तो जास्त सोयीचा आहे.

मालकाच्या दुकानातल्या संगणकावर ‘जळगाव बाजारभाव’ या मथळ्याखाली क्रोमने दोन ओळी दाखवल्या. मुक्ता, नेटवर्क रिसोर्स, १३ ग्लिफ (म्हणजे अक्षरांची चित्रं). निर्मला यूआय, लोकल फाइल, १ ग्लिफ. तो एक ग्लिफ म्हणजे ळ. शेजारच्या ‘धुळे’मध्ये तर ळबरोबर त्याची मात्राही निर्मलाकडून आली होती, कारण अक्षर आणि त्याची मात्रा एकाच फॉन्टमधून घेतली जाते. जवळून पाहिलं तर ‘धु’ संपून ‘ळे’ सुरू होतो तिथे शिरोरेषेला बारीकशी पायरी पडलेली. मालकाने ती चष्म्याशिवाय पाहिली होती. मी आठवडाभर पाहिली नव्हती.

आता माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर का दिसत होतं? कारण मुक्ता माझ्या यंत्रात इन्स्टॉल केलेला आहे. सीएसएसमध्ये फॉन्ट कुठून घ्यायचा हे सांगणाऱ्या फॉन्ट-फेसच्या ब्लॉकमध्ये सोर्सच्या सुरुवातीला ‘लोकल’ लिहायची जुनी सवय मी कुठल्याशा ट्युटोरियलमधून उचलली होती. ब्राउझर आधी माझ्याच यंत्रातला अख्खा फॉन्ट उचलत होता आणि सर्व्हरवरची तुटकी फाइल मागवतच नव्हता. ती लोकलची ओळ काढून टाका, काम चालू असताना तरी. नाहीतर यंत्रातला फॉन्टच अनइन्स्टॉल करा. मी दोन्ही केलं.

ळ कुठे गेला

फॉन्टची फाइल लहान करण्यासाठी तिच्यातली नको ती अक्षरं छाटतात. याला सबसेट करणं म्हणतात. मी फॉन्टटूल्स या संचातलं पायएफटीसबसेट हे साधन वापरतो. पायथनच्या पिपने फॉन्टटूल्स आणि ब्रॉटली दोन्ही इन्स्टॉल करायची, कारण वॉफ२, म्हणजे वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्ट-फाइल, बनवताना ब्रॉटली लागते. अक्षरांची यादी मात्र मी आळसाने एका हिंदी प्रोजेक्टमधून उचलली होती. अ ते ज्ञ, सगळी मात्रा-चिन्हं, अंक, पूर्णविरामाचा दंड. दिसायला सगळं होतं.

हिंदीच्या वर्णमालेत ळ नसतो.

पुण्यात बसून साइट केली असती तर कदाचित महिनाभर कळलंही नसतं. पण इथे जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, पारोळा. ळ नसला तर खान्देशचा नकाशाच फाटतो. गंमत अशी की बोलताना आमच्या अहिराणीत ळ फारसा उरतच नाही, डोळ्याचा डोया होतो. पण पाटीवर, सातबाऱ्यावर आणि साइटवर तो लागतोच, आणि डोया म्हणणाऱ्या माणसालाच तो आधी खटकला.

तर अक्षरं मोजून छाटू नका, पट्टा घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ आहे. तो अख्खा ठेवा. त्यातली पाच-पन्नास अक्षरं मराठीत कधी येणार नाहीत, राहू द्यात. देवनागरी फाइलचं वजन मूळ अक्षरांमुळे वाढत नाही, जोडाक्षरांमुळे वाढतं. ळ, ऱ आणि ॲ गाळून जे काही बाइट वाचतात, त्यापेक्षा तुमच्या हेडरमधला लोगो दहापट जड असेल.

पट्ट्याबाहेरची चार चिन्हंही सोबत घ्या. २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य चिन्हं आहेत, एक अक्षरं जोडण्यापासून रोखतं आणि दुसरं जोडायला लावतं. २०बी९ म्हणजे ₹. ते घ्यायचं राहिलं तर खतांच्या दरपत्रकात प्रत्येक ओळीला परका रुपया दिसतो. आणि २५सीसी म्हणजे ठिपक्यांचं गोल, त्याच्याकडे नंतर येतो.

कोणी म्हणेल, पानावरचा मजकूरच प्रोग्रामला देऊ आणि त्यात आहेत तेवढीच अक्षरं ठेवू. पायएफटीसबसेटला तशी टेक्स्ट-फाइल देता येते. कधीही न बदलणाऱ्या लोगोच्या ओळीसाठी ठीक आहे. जिथे उद्या मालक स्वतः नवीन बियाण्याचं नाव टाइप करणार आहे, तिथे हा आगीशी खेळ आहे.

ऱ्हायनाचं प्रकरण

हे मला सगळ्यात आवडलेलं बिघाडाचं उदाहरण. मालकाने गंमत म्हणून पानावर एक अहिराणी ओळ टाकली होती. तिच्यात ‘ऱ्हायना’ दोनदा होतं. एक ‘ऱ्हायना’ बरोबर, दुसरं परकं. एकाच ओळीत, एकाच शब्दात!

हा अर्धा र, पापणीसारखा दिसणारा, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ, म्हणजे ०९३१, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ह. दुसरी तऱ्हा, साधा र, पाय मोडायचा, मग अदृश्य २००डी, मग ह. इनस्क्रिप्टवर टाइप करणारा बहुतेक पहिली वापरतो, कारण शिफ्ट धरून र दाबला की ऱ येतो. दुसरी तऱ्हा जुन्या मजकुरातून, कन्व्हर्टरमधून येते. मालकाने पहिला शब्द कुठून तरी कॉपी केला होता आणि दुसरा स्वतः टाइप केला होता. माझ्या हिंदी यादीत ०९३१ नव्हता. म्हणून साध्या र-चं ‘ऱ्हायना’ मुक्तात दिसलं आणि ऱ-चं निर्मलात गेलं.

अहिराणीत हा ऱ्ह पावलोपावली लागतो, आणि प्रमाण मराठीतही ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द कृषी केंद्राच्या साइटवर पन्नास वेळा येतो. पट्टा अख्खा घेतला की हा प्रश्न उरत नाही. तरी शोधताना लक्षात असू द्या, की डोळ्याला सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे असू शकतात.

ॲचंही असंच. ‘ॲप’ लिहायचा नीट मार्ग म्हणजे ०९७२, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा मजकूर अ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवतो. असा मजकूर आता क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये बघितला, तर अ आणि चंद्राच्या मध्ये ठिपक्यांचं गोल उमटतं. लोक फॉन्टला शिव्या देतात. फॉन्टचा दोष नाही. अ-वर तो चंद्र असा सुटा ठेवणं चूक आहे, हे ब्राउझर त्या गोलाने सांगतो. फॉन्टमधून २५सीसी काढून टाकला की गोल जातं, हा उपाय मला एकाने छाती फुगवून सांगितला होता. तो ताप उतरवायला थर्मामीटर फोडण्यातला प्रकार झाला. डेटाबेसमध्ये शोधा-बदला चालवा, अ आणि चंद्राच्या जागी ॲ करा.

जोडाक्षरं फुटली तर

इथे लक्षण वेगळं. अक्षर आपल्याच फॉन्टचं, रेंडर्ड फॉन्ट्समध्ये एकटा मुक्ता, पण ‘क्षेत्र’ लिहिलं की क-चा पाय मोडलेला, शेजारी ष सुटा, त-चा पाय मोडलेला, शेजारी र. पतसंस्थेच्या साइटवर हे झालं होतं. ‘कर्ज’वरचा रफारसुद्धा उतरून र् होऊन शेजारी बसला होता. आधीच कर्ज, त्यात हे.

देवनागरीतली जोडाक्षरं युनिकोडमध्ये वेगळी नोंदवलेली नाहीत. क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे तीन तुकडे आले की त्यांच्या जागी क्ष-चं चित्र ठेवायचं, हा नियम फॉन्टच्या आत जीएसयूबी नावाच्या तक्त्यात लिहिलेला असतो. ऑनलाइन मिळणारी काही छाटणी-यंत्रं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहेत. त्यांच्यात ‘ओपनटाइप फीचर्स काढा’ ही चौकट आधीपासूनच टिक केलेली असते. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत फॉन्टचा कणाच निघून जातो.

पायएफटीसबसेट आपण होऊन भारतीय लिप्यांची फीचर्स जपतं आणि ठेवलेल्या अक्षरांपासून बनणारी जोडाक्षरंही ओढून आणतं. तरीही मी लेआउट-फीचर्सला तारका देतो, म्हणजे काहीच काढू नकोस. दुसऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये फीचर्सची हाताने लिहिलेली यादी दिसली, तर आधी ती संशयाने बघा.

गुगलच्या सीएसएसमधून लिंका उचलल्या असतील तर

बरेच जण छाटणीच्या वाटेलाच जात नाहीत. गुगल फॉन्ट्सची सीएसएस ब्राउझरमध्ये उघडतात आणि तिच्यातली वॉफ२ची लिंक उतरवून घेतात. धुळ्याच्या शाळेत मी हेच केलं होतं. मुक्ताच्या त्या सीएसएसमध्ये एकेका वजनासाठी, म्हणजे अक्षराच्या जाडीसाठी, तीन ब्लॉक असतात: देवनागरी, विस्तारित रोमन आणि रोमन. प्रत्येकाची फाइल वेगळी आणि प्रत्येकाखाली युनिकोड-रेंज, म्हणजे ती फाइल कुठल्या अक्षरांसाठी आहे ते सांगणारी ओळ. मी घाईत शेवटचा उचलला. शाळेचा फोन नंबर आणि ईमेल मुक्तात सुंदर दिसत होते. बाकी सगळी शाळा निर्मलात.

तीनही फाइली घ्या आणि युनिकोड-रेंजच्या ओळी जशाच्या तशा ठेवा. त्या ओळी काढून तिन्ही ब्लॉकना एकच नाव, एकच वजन दिलं, तर कुठल्या अक्षरासाठी कुठली फाइल, हे ब्राउझरला आधी कळत नाही. किंवा मग फॉन्टसोर्सची तयार पॅकेजेस वापरा, त्यांनी ही वाटणी आधीच करून ठेवलेली असते. नेक्स्ट-जेएसवाल्यांचं तर नेक्स्ट-फॉन्ट बिल्डच्या वेळीच फाइली उतरवून तुमच्या साइटबरोबर देतं. आमच्यासारख्या शेअर्ड होस्टिंगवाल्यांना ही चैन नाही.

फाइल आली, पण फॉन्ट नाही

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (इन्स्पेक्टमधल्या चुका दाखवणाऱ्या टॅबमध्ये) ‘फेल्ड टू डिकोड डाउनलोडेड फॉन्ट’ आणि त्याखाली ‘इनव्हॅलिड एसएफएनटी-व्हर्जन: १००८८२१३५९’ असं दिसतंय का? हा आकडा पाठ करून ठेवा. प्रत्येक फॉन्ट फाइलचे पहिले चार बाइट तिची जात सांगतात. हा आकडा सोळाच्या पायात मांडला की ३सी, २१, ६४, ६एफ असे चार बाइट मिळतात. अक्षरांत वाचले तर कोनाकंस, उद्गारचिन्ह, डी, ओ. म्हणजे एचटीएमएल पानाची पहिली ओळ, ‘डॉकटाइप’ची सुरुवात! कॅपिटल अक्षरांत असेल तर आकडा १००८८१३१३५ येतो. सर्व्हरने फॉन्टऐवजी वेब पान पाठवलंय, आणि वर ‘२००, सगळं ठीक’ असंही म्हणतोय. वर्डप्रेसच्या काही मांडण्या आणि एकपानी ॲप्स न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला मुखपृष्ठ देऊन टाकतात, त्यामुळे ‘सापडलं नाही’ सांगणारा ४०४ दिसत नाही.

म्हणजे पत्ता चुकलाय. सीएसएसमधला सापेक्ष पत्ता सीएसएस फाइलपासून मोजला जातो, पानापासून नाही. दुसरं, विंडोजवर मोठा एम आणि छोटा एम एकच, लिनक्सच्या सर्व्हरवर दोन वेगळ्या फाइली. मी आता फॉन्टच्या फाइलींची नावं सगळी छोट्या लिपीत ठेवतो, मधे जागा नाही, काही नाही.

पत्ता बरोबर आहे आणि तक्रार ‘वॉफ २.० चं एसएफएनटीत रूपांतर होत नाही’ अशी असेल, तर फाइल वाटेत मोडलीय. सर्व्हरवर फाइली चढवणाऱ्या जुन्या एफटीपी सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफरचा प्रकार ‘आस्की’ राहिला असेल तर ते ओळींच्या शेवटचे बाइट बदलतं. मजकुराला चालतं, फॉन्टचा मुडदा पडतो. आपल्याकडच्या आणि सर्व्हरवरच्या फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळवून बघा. थोडेसे बाइट इकडे-तिकडे असले की चोर सापडला. बायनरी करून पुन्हा चढवा.

आणि एक, ज्याने माझी एक अख्खी रविवारची दुपार खाल्ली. काही लोकांना फॉन्ट दिसतो, काहींना नाही, फाइल ठणठणीत. फरक एवढाच, की काही लोक पत्त्यात तीनदा डब्ल्यू टाकून येत होते, काही न टाकता. ब्राउझरच्या लेखी ही दोन वेगळी ठिकाणं. चित्र परक्या ठिकाणाहून चालतं. फॉन्ट मात्र सर्व्हरने ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हेडर देऊन परवानगी दिल्याशिवाय घेतला जात नाही. मी सीएसएसमध्ये पूर्ण पत्ता लिहिला होता, डब्ल्यूसकट. सापेक्ष पत्ता केला, शिवाय बिनडब्ल्यूच्या सगळ्यांना ३०१ने, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याच्या सूचनेने, डब्ल्यूवर वळवलं. हेडर टाकायची गरजही उरली नाही.

याच नियमाचं एक शेपूट: फॉन्ट प्रीलोड करत, म्हणजे आधीच मागवून ठेवत असाल तर लिंक टॅगमध्ये ‘क्रॉसओरिजिन’ लिहावंच लागतं, फाइल स्वतःच्याच सर्व्हरवर असली तरी. नाहीतर ती दोनदा उतरते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात मोबाइलवर साइट उघडणाऱ्याला हे दुप्पट ओझं कशाला?

ठळक अक्षरं चिखलासारखी

‘क्ष’ आणि ‘ण’च्या पोटातली पोकळी बुजली असेल, तर ते ठळक अक्षर नाही, ब्राउझरने साध्या अक्षराला दिलेला दुहेरी हात आहे. तुम्ही फक्त ४०० वजनाची फाइल दिलीय आणि मथळा ७०० मागतोय. ७००ची फाइल वेगळी चढवा आणि तिच्या फॉन्ट-फेसमध्ये फॉन्ट-वेट ७०० लिहा. मुक्ताची २०० ते ८०० अशी सात वजनं आहेत, म्हणून सातही चढवू नका. दोनात साइट भागते. नोटो सान्स देवनागरीसारखा व्हेरिएबल, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळी वजनं असलेला, फॉन्ट असेल तर वजनाचा पल्ला १०० ते ९०० असा त्याच ओळीत द्यावा लागतो. तो दिला नाही तर ब्राउझर त्याला ४००च समजू शकतो आणि पुन्हा तोच चिखल.

ल हिंदीचा, श हिंदीचा

हा खरं तर बिघाड नाही, पण शिक्षकांच्या नजरेला सगळ्यात आधी हाच खुपतो. मराठीचा ल पाकळीचा, हिंदीचा उभ्या दंडाचा, श-चंही तसंच. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि पानाची भाषा बघून निवड होते. तुमच्या थीमने एचटीएमएल टॅगमध्ये भाषा इंग्रजी किंवा हिंदी लिहून ठेवली असेल. तिथे ‘एमआर’ करा, एवढ्याने काम होतं, अर्थात छाटणीत भाषेप्रमाणे रूप बदलणारी फीचर्स उडाली नसतील तर. फॉन्टमध्ये मराठी रूपं नसतीलच तर फॉन्ट बदला. टायरो देवनागरीचे हिंदी, संस्कृत आणि मराठी असे तीन वेगळे फॉन्टच आहेत, मजकुरासाठी मराठीवाला घ्या.

शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलीय? फॉन्ट सोडा, सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग शोधा. इंग्रजी मथळे विरळ दिसावेत म्हणून थीमवाले ते टाकतात. शून्य करा. रफार आणि अनुस्वार वरून कापले जात असतील तर लाइन-हाइट १.२ असेल, मी १.७ ठेवतो.

लायसन्स, आणि मूळ प्रश्न

मुक्ता, टायरो, नोटो हे सगळे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, आवृत्ती १.१, सन २००७ची. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला, छाटायला पूर्ण मुभा. लायसन्सची मजकूर-फाइल फॉन्टच्या फोल्डरमध्ये राहू द्या आणि तिच्या पहिल्या ओळी वाचा. तिथे ‘रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम’ लिहिलं असेल तर छाटलेल्या फाइलला ते नाव देता येत नाही, कारण छाटणं हा बदल धरला जातो. अशा वेळी दुसरं नाव द्या.

मालकाने विचारलंच: “मंग ती गुगलनी लिंक का काढी भाऊ?” पूर्वी असं म्हणत, की लोकांनी तो फॉन्ट दुसऱ्या साइटवर आधीच उतरवलेला असतो, तुमच्या साइटला फुकट मिळतो. ते दिवस गेले. क्रोमने २०२०मध्ये, ८६व्या आवृत्तीपासून, प्रत्येक साइटची कॅश, म्हणजे उतरवलेल्या फाइलींचा साठा, वेगळी केली. सफारीने त्याआधीच केली होती. आता गुगलच्या लिंकसाठी दोन परक्या सर्व्हरशी नवी जोडणी करावी लागते, एक सीएसएससाठी, एक फाइलसाठी. आणि पाहुण्याचा आयपी पत्ता तिकडे जातो तो वेगळाच. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने याच कारणावरून एका साइटच्या मालकाला १०० युरोची भरपाई द्यायला लावली. पारोळ्याला जर्मन कायदा लागू नाही, पण जोडणीचा वेळ लागू आहे.

दुरुस्त केलं, तरी जुनंच दिसतंय

अख्खा पट्टा घेऊन नवी फाइल बनवली, चढवली. दुकानातल्या संगणकावर ळ बरोबर. मालकाच्या फोनवर मात्र अजून तोच जाडा. फॉन्ट वर्षभर कॅशमध्ये राहावा म्हणून मीच मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद ठेवला होता. फोन जुनी फाइल विसरायला वर्षभर तयार नव्हता. फाइलचं नाव बदला, शेवटी आवृत्तीचा आकडा जोडा, सीएसएसमध्येही तेच नाव करा. आणि सीएसएस स्वतः कॅशमध्ये अडकलीय का, तेही बघा, नाहीतर नव्या नावाचा पत्ताच कोणाला कळणार नाही.

आता प्रत्येक साइटवर मी मेन्यूत न दिसणारं एक तपासणीचं पान ठेवतो. त्यावर साध्या आणि ठळक वजनात एकच ओळ: ‘जळगाव धुळे भुसावळ ऱ्हायना शेतकऱ्यांच्या क्षेत्र ज्ञान कर्ज श्रावण ट्टा द्धा ॲप ऑइल लशी ₹१२३’. ऱ्हायना दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं. फॉन्टला हात लावला की ते पान दुसऱ्याच्या यंत्रावर उघडायचं, रेंडर्ड फॉन्ट्समध्ये एकच नाव दिसलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात मालकाचा पुन्हा फोन. ळ ठीक होता. “भाऊ, साइटवर एक पान सापडनं. जळगाव, ऱ्हायना, ऱ्हायना, कर्ज... हाई कसानं शे?”